ब्रिटिश चोरपट: चोरांना शेवटी पकडतं कोण?

कटिंगचहा (धागाकर्ता)

मागच्या रविवारी आईला 'द लेडीकिलर्स' दाखवला. १९५५ चा, लंडनच्या एलिंग स्टुडिओचा. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी मधे मधे सांगत होतो. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ एकटी राहणारी मिसेस विल्बरफोर्स, तिच्याकडे खोली भाड्याने मागायला आलेला दात पुढे आलेला प्रोफेसर, आणि त्याचे चार 'वादक' मित्र. ग्रामोफोनवर बोकेरिनीची तबकडी लावायची, बाहेर म्हातारीला वाटणार तालीम चाललीय, आत दरोड्याचा बेत. पंधराएक मिनिटांत आई म्हणाली, "ह्यांना पोलीसबिलीस कोणी पकडत नाही. ही बाईच ह्यांना चहा पाजून पाजून मारेल."

शेवट झाला आणि मी आईकडे बघतच राहिलो. (इथून पुढे सगळे शेवट फोडणार आहे. सत्तर वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉयलरचा इशारा द्यायचा नसतो, तरी दिला.)

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. फ्रेंच लोकांनी हाइस्ट, म्हणजे बेत आखून घातलेल्या दरोड्याचा सिनेमा, केला की त्यात कारागिरी असते. 'रिफिफी' आठवा, त्याच १९५५ सालचा. जवळजवळ अर्धा तास संवाद नाही, संगीत नाही, फक्त चार माणसं छत फोडतायत. अमेरिकन हाइस्टमध्ये प्रत्येक जण आपापल्या कामाचा बादशहा. ब्रिटिश विनोदी चोरपटात मात्र चोरी होते अर्ध्यावरच, आणि बऱ्यापैकी सुखरूप होते. खरा सिनेमा त्यानंतर सुरू होतो. हातात आलेला माल हातात कसा राहत नाही, ती गोष्ट. आणि तो हिसकावून घेणारा माणूस कधीही हुशार इन्स्पेक्टर नसतो. तो असतो कुणीतरी अत्यंत सभ्य, अत्यंत निरुपद्रवी जीव, ज्याला आपण काय करतोय ह्याचा पत्ताही नसतो.

'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) घ्या. ॲलेक गिनेस झालाय हॉलंड, बँकेच्या सोन्याच्या गाडीसोबत रोज जाणारा कारकून. वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी. वरिष्ठांचं त्याच्याबद्दल मत काय, तर प्रामाणिक आहे पण कल्पनाशक्ती नाही. हा गृहस्थ वीस वर्षं फक्त एका अडचणीवर विचार करतोय: सोनं लांबवता येईल, देशाबाहेर काढायचं कसं? मग त्याच्याच बोर्डिंगमध्ये पेंडलबरी नावाचा माणूस राहायला येतो. त्याचा धंदा शोभेच्या वस्तू ओतण्याचा, त्यात आयफेल टॉवरची पेपरवेटं. शिशाची, वर सोनेरी रंग. हॉलंडच्या डोक्यात प्रकाश पडतो तो क्षण गिनेसने जो केलाय! एक शब्द नाही. दोघं एकमेकांकडे बघतात, बस. शिशाऐवजी सोनं ओतायचं आणि वर तोच सोनेरी रंग मारायचा.

बरं, अट्टल गुन्हेगार कुठून आणायचे? दोघं सज्जन माणसं लोकलमध्ये, गर्दीत मुद्दाम मोठ्याने बोलत फिरतात की आमच्या कारखान्यातली तिजोरी नादुरुस्त आहे हो. रात्री कारखान्यात दबा धरून बसतात. चोर येतात. त्यांनाच नोकरीवर ठेवतात. अर्जदार स्वतः चालत आले, मुलाखतीचाही खर्च नाही.

सगळं जमतं. टॉवर पॅरिसला पोचतात. आणि तिथे भाषेच्या घोळात नको ती पेटी उघडली जाते, आणि इंग्लंडहून सहलीला आलेल्या सहा शाळकरी मुली सहा सोन्याचे टॉवर विकत घेतात. पुढचा अर्धा सिनेमा त्या सहा टॉवरांच्या मागे. पाच परत मिळतात. सहावी मुलगी देत नाही. तिने तो ओळखीच्या पोलीसकाकासाठी घेतलाय, त्यालाच देणार. पैसे दुप्पट देतो म्हटलं तरी नाही. संपला खेळ. अख्ख्या बँकेला न आवरलेला माणूस एका पोरीच्या शब्दापुढे हरतो.

तुम्हाला काय वाटतं? आणि ह्या जातीतले आणखी कुठले पाहावेत?

---

मधलीआळी

+१. आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

मला 'लेडीकिलर्स'मधला तो प्रसंग विसरता येत नाही. पाचही दरोडेखोर पैसे घेऊन निघालेत, मोटारीत बसलेत, फक्त त्या ढ पैलवानाची चेलोची पेटी दारात अडकते. म्हातारी दार लावून आत गेलीय. हा ओढतोय. पेटी उघडते आणि नोटा अंगणभर. दरोडा यशस्वी, पळणं यशस्वी, आणि घात झाला दाराच्या फटीत. त्यातून तिच्या मैत्रिणी चहाला येऊन धडकतात आणि हे पाच जण त्यांच्याबरोबर गाणी म्हणत बसतात. चेहरे बघावेत एकेकाचे. आमच्याकडे लग्नघरात जावयांचे असतात तसे.

---

ठाणे_व्हाया_टेम्स

मी किंग्ज क्रॉसपासून दोन स्टेशनं अलीकडे राहतो, त्यामुळे राहवत नाही. म्हातारीचं ते घर खरं नव्हतं. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेला फ्रेडेरिका स्ट्रीट नावाचा रस्ता होता, त्याच्या टोकाला, रेल्वेच्या कोपनहेगन बोगद्याच्या बरोब्बर डोक्यावर सेट उभारला होता. म्हणून तर मागच्या बाजूने प्रेत खाली मालगाडीच्या वाघिणीत टाकायची सोय. आता तिथे शोधू नका, मी एका शनिवारी शोधून आलोय. पावसात. हातात काही लागलं नाही.

घराकडे नीट बघा मात्र. युद्धातल्या बॉम्बमुळे एका बाजूला खचलंय, भिंतीवरच्या तसबिरी सरळ राहत नाहीत, नळाला पाणी यायचं तर पाइपवर हातोडा हाणावा लागतो. १९५५ च्या प्रेक्षकाला हे नवं नव्हतं. ब्रिटनमधलं रेशनिंग संपलं जुलै १९५४ मध्ये, म्हणजे वर्षभरच झालं होतं. 'लॅव्हेंडर हिल' तर ऐन रेशनिंगमधला. आपल्या ताब्यातून रोज सोनं जातं आणि घरी जेवण मोजून, ही हॉलंडची अवस्था थिएटरातला प्रत्येक जण जगत होता. म्हणून त्याच्याबद्दल राग येतच नाही.

टोळीची भरतीही बघा. एक निवृत्त मेजर, एक चकचकीत कपड्यातला टेडी बॉय (हा पीटर सेलर्स, त्याची पहिली मोठी भूमिका), एक परदेशी खुनशी गुंड (हर्बर्ट लॉम), एक मार खाऊन मंद झालेला बॉक्सर, आणि वर एक वेडा बुद्धिमंत. ही टोळी नव्हे, हा जनगणनेचा नमुना आहे. प्रत्येक थरातला एक एक घेतलाय आणि कोणालाही दुसऱ्याशी धड बोलता येत नाही. फक्त एका बाबतीत सगळे एक आहेत: बाईमाणसासमोर टोपी काढायची, खुर्ची पुढे करायची, चहाला नाही म्हणायचं नाही. त्याच संस्काराने मरतात.

आणि गंमत सांगू? हा इतका अस्सल ब्रिटिश सिनेमा लिहिला विल्यम रोझने, तो मिझुरीचा अमेरिकन. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक जन्माने बॉस्टनचा, वाढला ग्लासगोत. रोझ सांगायचा की अख्खी गोष्ट त्याला स्वप्नात दिसली. घरातल्या माणसाला स्वतःच्या घराचा वास येत नाही, पाहुण्याला येतो.

---

डोळस_धृतराष्ट्र

काडी टाकतो. धागाकर्त्याने सगळं श्रेय म्हातारीला आणि पोरीला दिलंय, पण तिथे एक तिसरा माणूस उभा आहे, त्याचं नाव सेन्सॉर.

त्या काळी अमेरिकेत सिनेमा चालवायचा तर तिथल्या प्रॉडक्शन कोडच्या चौकटीत बसावं लागे, आणि गुन्हेगाराला गुन्ह्याचं फळ लाभताना दाखवायचं नाही हा त्यातला पक्का नियम. १९६८ पर्यंत तो कागदावर तरी जिवंत होता. एलिंगला अमेरिकेचा बाजार हवा होता. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'चं (१९४९) काय झालं बघा. नायक वारसाहक्कासाठी घराण्यातली माणसं एकेक करून संपवतो. त्यातली आठही माणसं गिनेसनेच केलीत, त्यात एक बाईसुद्धा. शेवटी तो तुरुंगातून सुटतो आणि फाटकाबाहेर आल्यावर त्याला आठवतं की सगळ्या खुनांची कबुली लिहिलेलं आत्मचरित्र कोठडीतच राहिलं. ब्रिटनमध्ये सिनेमा तिथेच संपतो. वाचला की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेतल्या प्रतीत काही सेकंदांचा तुकडा जोडला: ती वही अधिकाऱ्यांच्या हातात पडते. म्हणजे फाशी पक्की. विनोद मेला, कायदा जगला.

तेव्हा माल निसटतो तो सभ्यतेमुळे नाही, नियमामुळे. तुमच्या आईंचा अंदाज बरोबर होता, कारण त्या काळी दुसरा शेवट शक्यच नव्हता.

---

कटिंगचहा

धृतराष्ट्रजी, काडी चांगली आहे, पेटते. पण नियम एवढंच सांगतो की चोराला मिळता कामा नये. मग कोणाला मिळावं, हे नियम सांगत नाही. सरळसोट लेखक शेवटच्या पाच मिनिटांत शिट्ट्या वाजवत पोलीस आणतो (आपल्या हिंदी सिनेमात काय वेगळं होतं?). रोझने काय केलं? चार चोर आपापसात मारून टाकले, पाचव्याच्या डोक्यात रेल्वेचा सिग्नल पाडला. सेन्सॉर खूश, पाच प्रेतं. मग म्हातारी सरळ पोलीस चौकीत जाऊन सांगते की साठ हजार पौंड माझ्या घरी आहेत. पण ती आधी मैत्रिणीच्या बागेत आलेल्या परग्रहवासीयांची गोष्ट घेऊन आलेली असते, त्यामुळे चौकीतले लोक प्रेमाने म्हणतात, ठेवा हो तुमच्याकडेच. नियम पाळला आणि चोरीचा माल घरातच राहिला. अडचणीला कामाला लावलंय त्याने.

आणि चौकीतला तो प्रेमळ साहेब कोण? जॅक वॉर्नर. पाच वर्षं आधी एलिंगच्याच 'द ब्लू लॅम्प'मध्ये आदर्श हवालदार झालेला, म्हणजे प्रेक्षकांच्या मनात पोलीस म्हटलं की हाच चेहरा. 'द ब्लू लॅम्प' लिहिला टी. ई. बी. क्लार्कने, त्यानेच 'लॅव्हेंडर हिल' लिहिला आणि त्यासाठी ऑस्कर घेतलं. क्लार्क युद्धकाळात स्वतः राखीव पोलीस होता. सोनं कसं चोरावं हे विचारायला तो थेट बँक ऑफ इंग्लंडमध्ये गेला आणि तिथल्या साहेबांनी मनापासून मदत केली, असा किस्सा सांगतात. ह्या लोकांना पोलिसांचा राग नव्हता. पोलीस हे शेजारी होते, आणि शेजाऱ्याला चोरी कळत नसते.

---

निळीशाई

एक दुवा कोणीच जोडला नाही म्हणून लिहिते. 'लॅव्हेंडर हिल मॉब'चा दिग्दर्शक चार्ल्स क्रिकटन. त्यानेच सदतीस वर्षांनी, पंच्याहत्तरी उलटल्यावर, 'अ फिश कॉल्ड वांडा' (१९८८) केला. जॉन क्लीझने लिहिलेला. तोपर्यंत कोडबिड सगळं गेलं होतं, धृतराष्ट्र ह्यांनी नोंद घ्यावी. तरी म्हातारी हजर! ह्यावेळी ती साक्षीदार आहे, तिला मारायचं काम केनकडे (मायकेल पेलिन). केन प्राणिप्रेमी. तीन प्रयत्न करतो, तिन्ही वेळा म्हातारीऐवजी तिचा एक एक कुत्रा मरतो. प्रत्येक अंत्यविधीला केन स्वतः हजर, ढसाढसा रडतोय. शेवटी तिसऱ्या कुत्र्याच्या धक्क्याने म्हातारी जाते. काम फत्ते आणि माणूस उद्ध्वस्त.

ह्यातली युक्ती जुनीच आहे. चोराला जे जमत नाही ते त्याच्या चांगुलपणामुळे जमत नाही. नवीन आहे ती अमेरिकनांची भर. केव्हिन क्लाइनचा ऑटो हा इसम तत्त्वज्ञान वाचतो, त्यातलं काही कळत नाही, आणि मूर्ख म्हटलेलं खपत नाही. (ह्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. विनोदी भूमिकेला मिळणं किती दुर्मीळ!) त्याच्यासमोर क्लीझचा वकील, ज्याचा सगळा जन्म अवघडलेपणात गेलाय. नाव आर्ची लीच, म्हणजे कॅरी ग्रँटचं खरं नाव. ब्रिस्टलचा मुलगा अमेरिकेत जाऊन कॅरी ग्रँट झाला, तसा हा वकीलही मनातल्या मनात सुटायला बघतोय. आणि सुटतो! माल घेऊन, बाई घेऊन विमानात बसतो. एलिंगमध्ये हॉलंड रिओला पोचतो, वर्षभर चैन करतो, आपल्याला ती सगळी हकीकत ऐकवतो, आणि उठताना कळतं की समोरच्या माणसाने त्याला बेडी घातलेली आहे. तोच दिग्दर्शक, सदतीस वर्षांनी बेडी सोडून देतो. मला हे फार आवडतं.

एक खटकतं ते लिहिते. केन तोतरा आहे आणि त्यावर बरेच विनोद आहेत. माझा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. आम्ही दोघांनी मिळून पाहिला तेव्हा मी चोरून त्याच्याकडे बघत होते. पेलिनचे वडील तोतरे होते, भूमिका त्याने जवळून पाहिलेल्या माणसावरून केली, आणि पुढे लंडनमध्ये तोतऱ्या मुलांसाठीच्या केंद्राला त्याने आपलं नाव दिलं, हे सगळं खरं. भाऊ हसला, पण केनला फ्रेंच फ्राइज नाकात कोंबतात तेव्हा नाही हसला.

---

मधलीआळी

निळीशाई, शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. मी तो प्रसंग हसत हसत पाहिला होता. पुन्हा बघेन.

---

बाबूभैय्याचा_चष्मा

इतके प्रतिसाद झाले आणि 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' (१९९८) नाही? अहो, चहा आणि म्हाताऱ्या पुरे.

गाय रिची. चार पोरं, तीन पत्ती ब्रॅगचा लावलेला डाव, त्यात हरलेला अर्धा मिलियन पौंड, आणि दोन जुन्या बंदुका ज्यांची किंमत ज्यांच्या हातात आहेत त्यांना माहीत नाही. इथे कुणी सभ्य नाही. इथली पद्धत अशी: चार-पाच टोळ्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही, माल एकाकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी एका खोलीत सगळे एकमेकांना गोळ्या घालतात. प्रत्येकाला टोपणनाव, वर एक निवेदक, मधेच फ्रेम थांबवायची. एका प्रसंगात तर लंडनची कॉकनी बोली इतकी घट्ट की इंग्रजी सिनेमाला इंग्रजीच सबटायटल्स दिलीत. व्हिनी जोन्स खरा फुटबॉलपटू, वसुलीवाला झालाय, सोबत स्वतःचा लहान मुलगा घेऊन फिरतो आणि त्याच्यासमोर शिवी दिली तर खपवून घेत नाही. (बघा, आला की नाही तुमचा सभ्यपणा. मलाच लिहिता लिहिता लक्षात आलं.)

आता शेवट. बंदुकांचा पुरावा नष्ट करायला टॉमला पाठवतात. तो गेल्यावर बाकीच्यांना कळतं की त्यांची किंमत लाखांत आहे. टॉम पुलाच्या कठड्यावरून वाकलाय, बंदुका हातात, मोबाइल तोंडात धरलेला, आणि तो वाजतोय. काळा पडदा.

ओळखीचं वाटतंय? 'फिर हेरा फेरी' (२००६). राजू, पूल, बंदुका, तोंडात फोन. अख्खं कथानकच तिथून उचललेलं. आपला राजू तेव्हापासून त्या पुलावर लटकलाय.

---

डोळस_धृतराष्ट्र

आणि रिचीने तो शेवट 'द इटालियन जॉब'च्या (१९६९) शेजारी नेऊन ठेवलाय. बस कड्यावर अर्धी लटकलेली, मागच्या टोकाला सोनं, पुढच्या टोकाला माणसं. मायकेल केन सोन्याकडे सरकतो, सोनं मागे सरकतं. तो म्हणतो, थांबा रे, माझ्याकडे एक झकास कल्पना आहे. संपलं.

कोड गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आलेला सिनेमा. आता चोर जिंकला तरी कोणी अडवणार नव्हतं. तरी लटकावलं. तेव्हा सवयीचं म्हणायचं की काय, ह्या मुद्द्यावर मी थोडा मागे येतो. थोडाच.

---

आजोळ

खऱ्या चोरीचं लिहू का, थोडं अवांतर. एप्रिल २०१५, ईस्टरची सुट्टी, लंडनच्या हॅटन गार्डनमधल्या सेफ डिपॉझिट कंपनीची लॉकरं. साठी-सत्तरी ओलांडलेले चोर. एक जण तर शहात्तर वर्षांचा, चोरीला बसने आला, ज्येष्ठ नागरिकांच्या फुकट पासवर. पन्नास सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला भोकं पाडली. पण पलीकडचं कपाट ढकलायचं यंत्रच मोडलं. म्हणून घरी गेले, नवं यंत्र आणलं आणि दोन रात्रींनी परत आले! मधे अलार्म वाजला होता. सुरक्षारक्षक आला, बाहेरून दाराच्या फटीतून डोकावला, काही दिसलं नाही, गेला. माल सुमारे १.४ कोटी पौंडांचा.

इथवर एलिंग. पुढे मात्र म्हातारी नाही, पोरगी नाही. एका चोराने स्वतःची पांढरी मर्सिडीज आणली होती, ती कॅमेऱ्यात दिसली. पोलिसांनी गाड्यांत ऐकण्याची यंत्रं बसवली आणि हे गाडीत बसून बढाया मारत राहिले. दीडेक महिन्यात आत. वाचताना मजा वाटते, पण लॉकर फुटलेल्या माणसांच्या मुलाखती वाचल्यावर मजा उतरते. एलिंगवाले नेहमी बँकेचं सोनं आणि सरकारी नोटा चोरतात, कुणाच्या आईच्या बांगड्या नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यावरच्या 'किंग ऑफ थीव्हज' (२०१८) मध्ये मुख्य म्हातारा कोण? मायकेल केन.

---

कटिंगचहा

आजोळ, बांगड्यांचा मुद्दा मूळ लेखात हवा होता. मिसेस विल्बरफोर्सला प्रोफेसर हेच तर पटवतो ना, की विमा कंपनी भरून देईल, प्रत्येकाच्या हप्त्यावर फार्दिंगभर (पाव पेनी) पडेल, कोणाचंच काही जात नाही. ती ऐकून घेते, पटल्यासारखं करते, आणि रात्री पुन्हा पोलिसांकडे जायचं म्हणून उठते.

---

ठाणे_व्हाया_टेम्स

'इटालियन जॉब'च्या बसवरून आठवलं. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्या बसचं काय करावं ह्याची स्पर्धा ठेवली होती! हेलिकॉप्टर वापरायचं नाही, तीस मिनिटांत सोनं काढायचं. निकाल जानेवारी २००९ मध्ये. विजेत्याने हिशेब मांडला: मागच्या खिडक्या बाहेरच्या बाजूला फोडा म्हणजे काचेचं वजन जाईल, पुढच्या टायरांची हवा सोडा म्हणजे बस डुलणार नाही, मागची इंधनाची टाकी रिकामी करा, मग एकाने उतरून दगड आणून पुढे भरायचे आणि बाकीच्यांनी सोन्याकडे जायचं. आकडेमोडीसकट.

---

बाबूभैय्याचा_चष्मा

म्हणजे चाळीस वर्षांनी चोर जिंकले! धागाकर्ते, गेला तुमचा सिद्धांत.

---

ठाणे_व्हाया_टेम्स

थांबा. मायकेल केनने त्याच सुमारास त्या कल्पनेचा उलगडा स्वतःच केला होता. इंजिन चालू करायचं आणि सगळ्यांनी आहे तिथे गप्प बसायचं, तासन्‌तास, इंधन संपेपर्यंत. टाकी रिकामी झाली की तोल बदलतो, सगळे टुणकन खाली उड्या मारतात.

आणि सोनं बसबरोबर दरीत जातं. तिथे खाली माफिया वाट बघत बसलेले असतात.

---

मधलीआळी

कटिंगचहा, आईंना विचारून सांगा, त्यांच्या मते खाली कोण बसलं असेल.

---

कटिंगचहा

विचारलं. म्हणाली, "कोणीतरी बाई असेल, कपडे वाळत घालणारी."